वाचक विचारतात : अनेकांचा संगणक आणि सेटिंग्जचं कुलूप

प्रश्न : नंदनवनला आमची छोटी अभ्यासिका आहे. पाच संगणक, सगळ्यांवर विंडोज ११ प्रो. पोट्टे रोज काहीतरी बदलून ठेवतात. कधी मराठी कीबोर्ड गायब, कधी प्रॉक्सी (इंटरनेटला मधल्या दुसऱ्या संगणकातून जायला लावणारी सेटिंग) चालू होऊन इंटरनेट बंद, कधी स्क्रीनच उलटी. सेटिंग्ज बंद करता येतील का?
– अभ्यासिका चालक, नागपूर

उत्तर : येतील. पण आधी मुलं कोणत्या खात्यातून बसतात ते बघा. संगणक लावून देताना केलेलं एकच खातं सगळे वापरत असतील, तर ते बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं (सगळे अधिकार असलेलं) असतं. मग कुलूप कितीही लावा, किल्ली त्यांच्याच खिशात.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स या वाटेने ‘अ‍ॅड अकाउंट’ दाबा. ईमेल विचारेल, तिथे साइन-इनची माहिती नसल्याचा पर्याय निवडून मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचं खातं करा. नवं खातं आपोआप स्टँडर्ड युजर, म्हणजे मर्यादित अधिकारांचं असतं. मुलांना तेच द्या. जुन्या अ‍ॅडमिन खात्याला पासवर्ड घाला आणि तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. विंडोजने अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला आणि भोवती चार मुलं उभी असली, तर त्यांना आधी बाजूला करा. हे हसण्यावारी नेऊ नका, पासवर्ड असेच फुटतात.

एवढ्याने सॉफ्टवेअर काढणं, घड्याळ बदलणं, दुसऱ्यांची खाती पुसणं थांबतं. पण वॉलपेपर, कीबोर्ड, प्रॉक्सी या गोष्टी स्टँडर्ड युजरला स्वतःपुरत्या बदलता येतात, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे. त्यासाठी ग्रुप पॉलिसी, म्हणजे खात्यांवर नियम लावण्याची विंडोजमधली सोय लागते.

इथे एक खड्डा आहे. जीपीएडिट (हे नियम बदलण्याचं साधन) थेट उघडून ‘युजर कॉन्फिगरेशन’मध्ये केलेला बदल अ‍ॅडमिनलाही लागू होतो, म्हणजे तुम्हीही बाहेर. म्हणून अ‍ॅडमिन खात्यातून एमएमसी (विंडोजचं व्यवस्थापनाचं साधन) चालवा. फाइल मेनूतून ‘अ‍ॅड/रिमूव्ह स्नॅप-इन’, त्यात ‘ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर’ निवडून ‘अ‍ॅड’ दाबा. मग ‘ब्राउझ’, ‘युजर्स’ टॅब, ‘नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’, ओके, फिनिश. आता केलेले नियम फक्त मुलांच्या खात्यांना लागतील.

युजर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, कंट्रोल पॅनल इथपर्यंत जा. ‘प्रोहिबिट अ‍ॅक्सेस टू कंट्रोल पॅनल अँड पीसी सेटिंग्ज’ हा नियम ‘एनेबल्ड’ केला की दोन्ही दारं बंद. अभ्यासिकेला आम्ही हाच सुचवू. निवडक पानंच लपवायची असतील तर ‘सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी’ वापरा. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘हाइड’, कोलन आणि पानांची नावं (नेटवर्क-प्रॉक्सी, डिस्प्ले, रिजनलँग्वेज) अर्धविरामाने तोडून लिहायची असतात. नावात एक अक्षर चुकलं तरी ते पान उघडंच राहतं. शेवटी मुलांचं खातं साइन-आउट करून पुन्हा उघडा. वॉलपेपरचा नियम तिथेच ‘पर्सनलायझेशन’खाली आहे.

कीबोर्ड ‘गायब’ झाला की आधी टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबली की भाषा बदलते, आणि तो बदल वरच्या कुलपाने थांबत नाही. काही जुन्या इंटेल ग्राफिक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबला की स्क्रीन फिरते. तो शॉर्टकट ग्राफिक्सच्याच सॉफ्टवेअरमधून बंद करा.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे, त्यात जीपीएडिट नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) बदल केला, तर नातवाऐवजी माझंच कंट्रोल पॅनल बंद झालं!
– एक आजोबा, प्रतापनगर

उत्तर : नातवाच्या खात्यात बसून रेजएडिट (रजिस्ट्री बदलण्याचं साधन) उघडलंत आणि तुमचा पासवर्ड टाकलात, असं झालं असणार. तसं केलं की ‘करंट युजर’ तुम्ही होता, नातू नाही. आधी तुमच्या खात्यात जाऊन तो बदल पुसा. कंट्रोल पॅनल बंद असलं तरी रेजएडिट उघडतं. मग नातवाचं खातं तात्पुरतं अ‍ॅडमिन करा, त्यात शिरून तोच बदल करा : करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, एक्सप्लोरर. ‘एक्सप्लोरर’ नसेल तर बनवा आणि त्यात ‘नोकंट्रोलपॅनल’ (इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता) ही ३२ बिटची डीवर्ड नोंद करून किंमत १ ठेवा. लगेच खातं पुन्हा स्टँडर्ड करा. ही शेवटची पायरी राहिली, तर नातू एका मिनिटात सगळं उलटवेल.

प्रश्न : दुकानातला डेस्कटॉप रोज सकाळी जुनी तारीख दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही. पोरं तारीख बदलतात का?
– महाल, नागपूर

उत्तर : पोरांचं खातं स्टँडर्ड असेल तर नाही. तो अधिकार त्यांना नसतो, टाइमझोन मात्र बदलता येतो. बहुधा तुमच्या मदरबोर्डवरचा (संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरचा) सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नाही आणि साइट अडते. सेल बहुधा सीआर २०३२, ३ व्होल्टचा असतो. प्लग काढून बदला आणि तारीख, वेळ बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) लावा.