पणजोबांच्या तिफनीचं पेटंट: केस टाकायच्या आधी कागद नीट वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, म्हणजे थोडक्यात असं की पणजोबा सुतारकी करायचे, दिग्रसकडचं गाव, त्यांनी तिफनीला, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराला, बी आपोआप सोडणारं काहीतरी बसवलं, आता जुन्या पेटीत १९२१ सालचा इंग्रजी कागद सापडलाय, शिक्का आहे, सोबत एक नकाशा आहे, आणि घरात तीन पिढ्या ऐकत आलात की "आबाजीचं पेटंट कंपनीनं लाटलं". आणि काका म्हणतात केस टाकू, करोडो निघतील.

पैशाचं आधी सांगून टाकतो म्हणजे काकांचा जीव शांत होईल, किंवा नाही होणार. एक पैसा निघत नाही. त्या काळी जो कायदा होता तो १९११ चा, पेटंट्स अँड डिझाइन्स अ‍ॅक्ट, १ जानेवारी १९१२ पासून लागू, त्यात पेटंटची मुदत १४ वर्षं. १९३० मध्ये ती १६ केली. मुदत वाढवून मागायची सोय होती, तरी कितीही ओढलं तरी तुमचे वडील जन्मायच्या आधीच ते संपलं असणार, आणि ते पण मधल्या रिन्युअलच्या फिया वेळेवर भरल्या असतील तर. फी चुकली की पेटंट तिथंच मेलं. मुदत संपली की ती वस्तू सगळ्या गावाची, कोणीही बनवा कोणीही विका. त्यामुळे वकिलाकडे जाऊन पैसे घालवू नका, त्यापेक्षा त्या पैशात कागदाला चांगली फ्रेम होते.

पण कागद मात्र जपून ठेवा कारण तो नेमका काय आहे हे अजून तुम्हालाच माहीत नाही, आणि खरी मजा तिथंच आहे.

आपल्याकडे "पेटंट" हा शब्द कुठंही चालतो. त्याचा पेटंट डायलॉग म्हणतो, पेटंट औषध म्हणतो आणि त्यातल्या बहुतेक औषधांना आयुष्यात कधी पेटंट नव्हतं, नुसतं नाव आणि बाटलीचं लेबल. तसंच जुन्या घरात कुठलाही इंग्रजी शिक्क्याचा कागद निघाला की तो पेटंट. मी आतापर्यंत लोकांनी दाखवलेले असे पाच-सहा कागद पाहिले असतील, त्यातला एकच खरा पेटंटचा निघाला. बाकीचे काय होते तर एक डिझाइन रजिस्ट्रेशन होतं, ते पण त्याच १९११ च्या कायद्यात येतं पण ते फक्त वस्तूच्या दिसण्याचं, आकाराचं, ५ वर्षांचं आणि मग दोनदा ५-५ वाढवून मिळायचं, वस्तू काम कशी करते याच्याशी त्याचा काही संबंध नाही. दोन निघाले सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातले. ते काय प्रकरण तर आपल्या देशात ट्रेडमार्कचा कायदाच १९४० मध्ये आला, त्याच्या आधी लोक काय करायचे की "हा मार्का माझा" असं एक डिक्लेरेशन लिहून जमिनीच्या खरेदीखतासारखं रजिस्ट्री करून टाकायचे. स्टँप, सही, शिक्का सगळं झकास, म्हणून घरच्यांना वाटतं सरकारनं शोध मान्य केला. सरकारनं फक्त कागद नोंदवून घेतला होता.

आणि चौथा प्रकार म्हणजे नुसता अर्ज. अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. तेव्हा पण दोन पायऱ्या होत्या, आधी प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन टाकता यायचं, म्हणजे शोध काय आहे ते मोघम सांगून तारीख धरून ठेवायची, मग मुदतीत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, त्यात सगळं खोलून लिहायचं, नकाशे जोडायचे. मग ऑफिस तपासणार, स्वीकारलं की जाहीर करणार, कोणाची हरकत आली तर ऐकणार, आणि मग सील, म्हणजे पेटंट पक्कं. मधे कुठं पण गाडी अडली की अर्ज गेला. आणि ऑफिस कुठं, तर कलकत्त्याला. दारव्हा-दिग्रस भागातला सुतार, शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेनं कागद मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाइनीनं नागपूर करत कलकत्ता, उत्तर यायला किती दिवस, ते पण इंग्रजीत, मग ते वाचायला मास्तर शोधा. वऱ्हाड तर तेव्हा कागदोपत्री निजामाचंच होतं, कारभार इंग्रजांचा. पणजोबांनी हे सगळं केलं असेल तर माणूस जिद्दीचा होता एवढं नक्की.

१९११ च्या आधी तर आणखी लांबचा रस्ता होता. पहिला कायदा १८५६ चा, तो पुढच्याच वर्षी रद्द झाला कारण राणीची मंजुरी न घेताच केला होता, मग १८५९, मग १८८८, आणि त्यात अर्ज कोणाकडे तर थेट गव्हर्नर जनरल इन कौन्सिलकडे. पेटंट कंट्रोलर नावाचा साहेब १९११ च्या कायद्यानं आला. गंमत सांगतो, आपल्या देशातला पहिला अर्ज १८५६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या डी पेनिंग नावाच्या इंजिनिअरनं केला, कशाचा, तर छताचा पंखा ओढायच्या यंत्राचा. त्याला विदर्भाचा मे महिना माहीत नसावा नाहीतर त्यानं कूलरच काढला असता.

आता तुमच्या कागदाकडे येतो. तुम्ही पहिल्या पानाचा फोटो टाकला त्यात शिक्का अर्धाच आलाय, वरचं नाव कापलं गेलंय. नकाशाचा फोटो मात्र बरा आलाय आणि माझी नोकरीच ड्राफ्ट्समनची झाली त्यामुळे मी तो मोठा करून बराच वेळ पाहत बसलो. काळ्या शाईच्या रेघा, बाजूनं दिसणारी तिफन, दांडी, जू नाही दाखवलं, तीन दाते, नळे, आणि जिथं चाडं, म्हणजे बी टाकायचं तोंड, असतं तिथं एक पेटी आणि पेटीच्या खाली एक गोल, म्हणजे बी सोडायचा रूळ, त्याला काहीतरी खाचा, आणि मागं एक छोटं चाक, चाकापासून गोलापर्यंत एक तिरकी रेघ. अक्षरं पण आहेत, ए, बी, सी दिसतात. हे पेटंटच्या नकाशाचंच वळण आहे, प्रत्येक भागाला अक्षर द्यायचं आणि मजकुरात "सी हा रूळ" असं म्हणत समजवायचं. म्हणून मला वाटतं किमान स्पेसिफिकेशनपर्यंत तरी प्रकरण गेलं होतं.

ज्यांनी तिफन पाहिली नाही त्यांच्यासाठी, पूर्वी पेरताना मागं एक बाई चालायची, ओटीत बी, आणि मुठीनं चाड्यात सोडत जायची, चाड्यातून तीन नळ्यांत बी पडायचं. सगळा खेळ तिच्या हाताचा. आमची आजी सांगायची, बैल चपळ असला की मूठ लवकर चालवा लागते, नाहीतर एका ठिकाणी दाट आणि पुढं पाच हात कोरडं. चांगली चाडं धरणारी बाई असली तर लोक आठ दिवस आधी सांगून ठेवायचे. तर तुमच्या पणजोबांनी ती मूठ चाकाला जोडली असं नकाशावरून दिसतं, म्हणजे बैल जोरात चालला की चाक जोरात, चाक जोरात की रूळ जोरात, बी बरोबर तेवढंच. डोकं चांगलंच होतं. पण चाकानं फिरणारा बी सोडायचा रूळ ही कल्पना विलायतेत त्याच्या खूप आधीपासून होती, त्यामुळे "यंत्राने पेरणी" एवढ्या मोठ्या गोष्टीचं पेटंट त्यांना मिळणं शक्यच नाही. मिळालं असेल तर त्या खाचेचं, किंवा त्या तिरक्या रेघेचं, म्हणजे चाकाची गती रुळाला कशी दिली त्याचं.

आणि हेच मला सांगायचंय, बाकी विसरलात तरी चालेल. पेटंट वस्तूचं नसतं, शेवटच्या पानावरच्या चार ओळींचं असतं. त्याला क्लेम म्हणतात. त्या काळच्या कागदात शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं, मराठीत सांगायचं तर "आता माझ्या सदर शोधाचं स्वरूप आणि तो कसा अमलात आणायचा हे नीट सांगून झाल्यावर मी जाहीर करतो की माझा दावा असा", आणि मग १, २, ३ नंबर. आधीची दहा पानं कितीही रंगवून लिहा, कुंपण त्या नंबरांचंच. वावर तुमचं कितीही मोठं दिसो, सातबाऱ्यावर जेवढं आहे तेवढंच तुमचं, तसं.

मी हे पुस्तकातून नाही शिकलो. १९९४ ची गोष्ट, आमच्या भागात सोयाबीन पसरत होतं आणि गावातल्या एका सुतारभावाला घेऊन मी पण तिफनीवर रूळच बसवला होता, योगायोग बघा. दोन हंगाम वावरात चालवून पाहिला, मग उत्साहात तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मांडला, लोकांनी हात लावून पाहिला, फोटो काढले, आणि त्याच्यानंतर मी शहरातल्या एका पेटंट एजंटकडे गेलो. हे उलटं झालं. आधी अर्ज, मग प्रदर्शन. आधीच चारचौघांत उघडं केलं की नवीनपणा गेला. एजंटनं ते विचारलंच नाही, प्रोव्हिजनल टाकलं, पैसे घेतले, आणि कम्प्लीटचा ड्राफ्ट पाठवला. मी काय केलं, नकाशे तपासले. त्यातली एक रेघ चुकली होती ती लाल पेनानं दुरुस्त केली, मोठा ड्राफ्ट्समन ना. मजकूर वाचलाच नाही. मग तो फोन उचलेना, बारा महिने निघून गेले, अर्ज बाद. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या गावच्या लोहारानं तसाच रूळ लोखंडी करून विकला, मी चिडून कपाटातला ड्राफ्ट काढला की बघू याला काही करता येतं का, तर पहिल्याच क्लेममध्ये लिहिलेलं, "लाकडी रूळ". लाकडी! म्हणजे अर्ज बाद झाला नसता, प्रदर्शन केलं नसतं, पेटंट सील होऊन हातात आलं असतं तरी तो लोहार आरामात सुटला असता. एका शब्दानं. तो लोहार माझ्याकडे येऊन म्हणे, "काका, तुमच्या लाकडाले पावसात फुगारा येते, मंग बी अडकते, म्हून मी लोखंडाचं केलं." खरं होतं त्याचं. नंतर मीच त्याच्याकडून एक विकत घेतला.

म्हणून "कंपनीनं लाटलं" हे ऐकलं की मी जरा थांबतो. लाटलं पण असेल, नाही म्हणत नाही. पण कंपनीनं लाटायला आधी तुमचा क्लेम त्यांच्या यंत्रावर बसला पाहिजे. आणि बसला तरी भांडायला पैसा पाहिजे. अमेरिकेत व्हिटनीनं १७९४ मध्ये सरकी काढायच्या जिनचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या पार्टनरनं शेतकऱ्यांकडे काय मागितलं तर कापसाचा दोन-पंचमांश वाटा! आपल्याकडे सावकार पण लाजला असता. मग गावोगावच्या लोहारांनी तसेच जिन बनवले आणि व्हिटनीची १४ वर्षं कोर्टात गेली. आपल्या विदर्भात जे रोलरचे जिन चालतात ते त्याचे नाहीत बरं का, ते मॅकार्थीच्या १८४० च्या पेटंटच्या वळणाचे.

पेटंट पक्कं असून पैसा नाही असं पण खूप झालं. मेरी अँडरसन नावाच्या बाईनं १९०३ मध्ये गाडीच्या काचेच्या वायपरचं अमेरिकन पेटंट घेतलं, १७ वर्षांचं. १९०५ मध्ये कॅनडातल्या एका फर्मकडे विकायला गेली, ते म्हणाले याला धंद्यात किंमत नाही. पुढं घरोघरी गाड्या आल्या तेव्हा मुदत संपलेली. आणि आपले शंकर आबाजी भिसे, मुंबईचे, छापखान्याचे टाइप पाडायचं यंत्र केलं, लंडनला गेले, न्यूयॉर्कला गेले, सर रतन टाटांनी पैसा घातला, तरी त्या दोघांचं सिंडिकेट, म्हणजे भागीदारीची कंपनी, टिकलं नाही. जगदीशचंद्र बोस तर पेटंट घ्यायलाच तयार नव्हते, मित्रमंडळींनी मागं लागून १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज करवला, १९०४ मध्ये मिळालं, आणि त्यांनी त्यातून पैसा केला नाही. उलट लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा, लोखंडी नांगर केला तेव्हा लोक म्हणत लोखंडानं जमीन विषारी होते, सुरुवातीची दोन वर्षं नांगर खपेनात, तेव्हा कोणी चोरायला पण आलं नाही. त्यांची अडचण चोर नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. तुमच्या पणजोबांची अडचण कोणती होती हे घरात कोणी विचारलं का कधी?

शोधायचं कसं ते सांगतो. कागदावर नंबर आणि साल असेल ते आधी नीट उतरवून घ्या. पेटंट ऑफिसच्या साइटवर इन्पास म्हणून सर्च आहे, तिथं नंबर टाकून बघा, नावानं शोधताना स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाका कारण साहेबाच्या कारकुनानं आपल्या आडनावाचं काय केलं असेल सांगता येत नाही. तिथं नाही निघालं म्हणजे नव्हतंच असं समजू नका. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये पेटंट इन्फर्मेशन सिस्टम आहे, १९८० पासूनचं, पेटंटच्या कागदांसाठीच काढलेलं सरकारी ऑफिस, आपल्या लोकांना माहीतच नाही. आधी फोन करा, जुन्या वर्षांचं काय बघायला मिळेल विचारा, मग बस पकडा. नाहीतर कोलकात्याच्या मुख्य ऑफिसला पत्र. त्या काळी जाहिराती गॅझेट ऑफ इंडियात यायच्या, १९२१-२२ चे गॅझेट मोठ्या लायब्ररीत निघतात, पण पानं चाळायची तयारी ठेवा, मी एकदा अडीच दिवस चाळली होती, दुसऱ्याच कोणाच्या तरी ऊस चरकासाठी.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. मागच्या वर्षी एकानं केलं, शाई प्लास्टिकला चिकटली. घड्यांवर सेलोटेप पण नको. साध्या पांढऱ्या कागदात ठेवा, वरून वही ठेवून दाब द्या, बस.

आता खिडकीजवळ धरून, फ्लॅश बंद करून, शिक्क्याचा पूर्ण फोटो टाका आणि सगळ्यात शेवटच्या पानाचा टाका. त्या पानावर १, २ असे नंबर आहेत का आणि पहिल्या नंबरात सी अक्षराच्या आजूबाजूला काय लिहिलंय तेवढं मला वाचू द्या. आणि तिथं "वुडन" असा शब्द असेल तर काकांना सध्या दाखवू नका.