बॅटरीवर चालणारा लॅपटॉप अडॅप्टरवर का चालत नाही?

तुमचा लॅपटॉप बॅटरीवर नीट चालतो, पण बॅटरी काढून नुसता अडॅप्टर जोडला तर सुरूच होत नाही, बॅटरी चार्जही होत नाही, आणि दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की तो निर्णय इतक्यात घेऊ नका. बॅटरीवर लॅपटॉप चालतो याचाच अर्थ प्रोसेसर, मेमरी, पडदा आणि मदरबोर्डचा बहुतेक भाग शाबूत आहे. बिघाड भिंतीवरच्या सॉकेटपासून मदरबोर्डवरच्या चार्जिंगच्या भागापर्यंत वीज ज्या वाटेने येते तिथेच कुठेतरी असणार. सर्वांत आधी मात्र बॅटरीत जेवढा चार्ज उरला आहे तेवढ्यात महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या, कारण तो संपल्यावर दुरुस्ती होईपर्यंत त्या तुमच्या हाती येणार नाहीत.

पहिल्या तपासणीला कोणतेही उपकरण लागत नाही. अडॅप्टरवर छोटा दिवा असेल तर लॅपटॉपला न जोडता तो सॉकेटमध्ये लावून पाहा. दिवा लागलाच नाही, तर सॉकेट आणि भिंतीपासून अडॅप्टरपर्यंतची सुटी वायर बदलून पाहा; ही वायर अडॅप्टरच्या तोंडाशी पुष्कळदा ढिली झालेली असते. दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो, असे झाले तर ती महत्त्वाची खूण समजा. लॅपटॉपच्या आत, जॅकमध्ये (पिन जिथे बसते त्या खाचेत) किंवा त्यालगतच्या एखाद्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या छोट्या घटकात) वा मॉसफेटमध्ये (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या घटकात), शॉर्ट असण्याची शक्यता तेव्हा मोठी असते आणि अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. मात्र कमकुवत झालेला अडॅप्टरही असाच वागू शकतो, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

दिवा विझत नसेल, तर मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचे छोटे उपकरण, डीसी व्होल्टवर लावून पिनेवरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, मोजा. अडॅप्टरच्या लेबलवर आउटपुट लिहिलेले असते, उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. वाचन त्या व्होल्टच्या जवळपास यायला हवे. मोजताना मीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकणार नाहीत याची काळजी घ्या. तरीही नुसत्या वाचनावर विसंबू नका, कारण वायरीतले बरेचसे तंतू आतून तुटलेले असतील तर मीटरवर पूर्ण व्होल्ट दिसतात आणि लॅपटॉप प्रवाह ओढू लागताच दाब कोसळतो. त्यामुळे चांगला चालणारा दुसरा अडॅप्टर लावून पाहणे हीच खरी परीक्षा. त्याचे व्होल्ट आणि पिन तुमच्या अडॅप्टरसारखेच असावेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कमी असू नयेत. स्वतःचा अडॅप्टर उघडण्याच्या भरीस मात्र पडू नका, कारण २३० व्होल्टच्या विजेवर आतला कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ धक्का देऊ शकतो.

दुसऱ्या अडॅप्टरनेही काम झाले नाही, तर माझा पहिला संशय जॅकवर आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपची तक्रार अगदी हीच होती आणि मलाही मदरबोर्डच सांगितला गेला होता. पिन हलकेच वर उचलून धरली की चार्जिंगचा दिवा क्षणभर लागत असे, एवढ्यावरून मी दुसऱ्या कारागिराकडे गेलो, तेव्हा जॅकचा मदरबोर्डवरचा डाग, म्हणजे झाळलेला जोड, तडकलेला निघाला आणि नव्याने झाळून काम झाले. पुष्कळ मॉडेलांत तर जॅक छोट्या वायरीच्या टोकाला असतो, त्यामुळे झाळण्याचीही गरज पडत नाही, जुना काढून नवा खोचता येतो. पिन हलवून पाहताना जोर लावू नका. वायर खेचू नका.

डेल आणि एचपीच्या अनेक अडॅप्टरांत मधल्या बारीक सुईतून लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख पटते. ती सुई वाकली किंवा तिची वायर तुटली, तर लॅपटॉप बहुधा चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि मंदावतो. तुमचा लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर सुरूच होत नसल्यामुळे हे कारण मी खालच्या क्रमांकावर ठेवतो. तुमचा चार्जर टाइप-सी असेल तर वरची मोजणी लागू पडत नाही, कारण लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही; तिथे केबल आणि चार्जर दोन्ही बदलूनच पाहावे लागते.

या सगळ्यातून काही निष्पन्न झाले नाही, तर बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग नुसता अडॅप्टर लावून पाहा. तेही निष्फळ ठरले, तर मदरबोर्डवरच्या सुट्या घटकांची दुरुस्ती करणारा कारागीर शोधा आणि जॅकपासून पुढे व्होल्ट नेमके कुठपर्यंत पोहोचतात हे त्याला तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा.