‘मंत्रमुग्ध’ खोडून बघ

प्रिय,

रवींद्र नाट्य मंदिरातल्या कार्यक्रमावरचा तुझा मजकूर काल दादर ते ठाणे उभ्यानं वाचला. दोनदा ‘मंत्रमुग्ध’, एकदा ‘बहारदार’ आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. गायिकेचं नाव खोडलं, तर हाच मजकूर पुढच्या महिन्यातल्या सतारवादनालाही चालेल!

तुझ्या वयात मीही हेच करायचो. गिरगावातल्या एका बैठकीतल्या रागाबद्दल मी ‘काळीज चिरणारा मारवा’ असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी एका बुजुर्ग तबलजींचा फोन आला. ‘अरे, ती पूरिया गात होती. गंधारावर थांबत होती. तू कुठे थांबला होतास, बटाटेवड्यापाशी?’

मारवा, पूरिया, सोहनी, या तिन्ही रागांचे सूर तेच. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य. फरक आहे तो चालीत. मारवा रिषभ आणि धैवतावर (ध) रेंगाळतो आणि षड्जावर (सा) यायचं टाळत राहतो. पूरिया गंधार (ग) आणि निषादाशी (नी) विसावतो, खाली मंद्रात रमतो. सोहनीचा जीव वरच्या षड्जापाशी. बघ, इथे सगळं काम क्रियापदांनीच केलं. म्हणून गाणं ऐकताना सूर कुठे थांबतो, कशाला बगल देतो, ते टिपत जा.

गाणाऱ्यांचे शब्दही ऐक. ‘दाणेदार तान’ म्हणतात तेव्हा रवाळ तूप डोळ्यांपुढे आण, एकेक कण सुटा. मींड म्हणजे सूर न तोडता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. पण हे शब्द वापरायचे ते वाचकाला ऐकू यावं म्हणून. चार ओळींत मींड, गमक, खटका, मुरकी कोंबलंस तर ते वाण्याचं बिल होईल.

नाचाच्या भागात तू ‘थिरकली’ लिहिलंयस. लावणीलाही हेच, कथकलाही हेच, गणपतीपुढच्या पोरांनाही हेच! बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागेवरून भुवई आणि बोटांनी ओळ सांगते. तिथे कोण थिरकतं? त्याला अदा म्हणतात. कथकच्या वेळी मी तुझ्या मागच्याच रांगेत होतो. पेटीवर सोळा मात्रांचा लेहेरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी तीच ती धून, फिरत होता. नर्तकीनं आधी हातानं ताल देत बोल म्हटले, म्हणजे पढंत केली, मग तेच बोल पायांतून काढले. तिहाईचा, म्हणजे तीनदा घ्यायचा तुकडा तिसऱ्यांदा आला, पाय समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर पडला आणि घुंगरू जागच्या जागी गप्प. एकही चुकार आवाज नाही. माझ्या शेजारच्या आजोबांनी टाळी वाजवली नाही, नुसतं ‘हं’ म्हणाले. हे तुझ्या मजकुरात का नाही?

रविवारी दादरला सकाळची बैठक आहे. फोन खिशात ठेव, वही आण. दीडशे शब्द लिहून पाठव, त्यात रागाचं नाव घालू नकोस. मी ओळखून दाखवतो.

तुझा,
काका