पॉइंट टू टू रायफलमध्ये कुठलं काडतूस घालायचं?

आधी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, आणि मॅगझिन रिकामं आहे ना, ते बघ. मग नळीवर कोरलेला मजकूर वाच. मॅगझिनवर किंवा पट्ट्यावर लिहिलेलं धरायचं नाही. भाग बदललेले असू शकतात. खोदकाम पुसट असेल तर आर्मररकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) चेंबर मोजून घे, तोवर एकही गोळी नको.

'.22 एलआर' (लाँग रायफल) आणि '.22 मॅग्नम' यांत नवशिके नेहमी फसतात. नाव सारखं, पण एलआरची पुंगळी (काडतुसाचा दारू भरलेला धातूचा भाग) सुमारे 5.7 मिलिमीटर जाड, मॅग्नमची 6.1. एलआर मॅग्नमच्या चेंबरमध्ये सहज शिरतं, आधार न मिळाल्यानं पुंगळी फाटते आणि गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. 'बसतंय म्हणजे चालतं' हा तर्क इथे घातकच. एलआरच्या चेंबरमध्ये '.22 शॉर्ट' हे आखूड काडतूस उडतं, पण पुढे काजळी साचते आणि नंतर एलआर अडकतं.

मॅच रायफलचं, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचं, चेंबर तंग असतं. सीसीआय कंपनीच्या स्टिंगर काडतुसाची पुंगळी नेहमीच्या एलआरपेक्षा लांब असते, म्हणून ती त्यात घालू नये.

या काडतुसांच्या बुडावर बहुधा कंपनीचीच खूण असते, माप नसतं. म्हणून सुटी काडतुसं घेऊ नकोस, डबे मिसळू नकोस. चेपलेलं, हिरवट डाग पडलेलं किंवा गोळी हलणारं काडतूस बाजूला काढ.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर थांब. गोळी नळीत अडकली असेल, त्यावर दुसरी झाडलीस तर नळी फुगते किंवा फुटते.