हळदीच्या पट्टीतून फ्यूजन यंत्र?

वसमत तालुक्यातल्या एका हळद उत्पादक शेतकरी बांधवांचं पत्र आहे. हळद विकल्याची पट्टी ४ लाख ५० हजारांची आली. मुलगा नांदेडला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला घरामागच्या शेडमध्ये ‘फ्यूजर’, म्हणजे अणूंची केंद्रं जुळवून फ्यूजन घडवणारं छोटं यंत्र, बांधायचा आहे आणि त्याने खर्च काढलाय ३ लाख १० हजार. ते विचारतात, ‘पट्टीतून द्यावेत की सोनं तारण ठेवावं? पोरगं हुशार आहे, नाही म्हणायला जीव होत नाही.’

भाऊ, मुलाचं वेड खुळचट नाही, हे आधी सांगतो. टीव्हीच्या शोधात मोठा वाटा असलेल्या फिलो फार्न्सवर्थ यांची ही कल्पना. रॉबर्ट हिर्श यांनी १९६० च्या दशकात ती पुढे नेली. स्टीलच्या भांड्यातली हवा काढून टाकायची, मधोमध तारेची बारीक जाळी बसवायची, तिला हजारो व्होल्ट द्यायचे आणि थोडासा ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वायू सोडायचा. त्याचे कण जाळीकडे खेचले जातात, काही एकमेकांवर आदळून जुळतात, आणि त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात. म्हणजे खरोखरचं फ्यूजन होतं.

पण यातून वीज मिळत नाही. ३५ हजार व्होल्ट आणि १० मिलिअँपिअरवर यंत्र ३५० वॅट खातं. सेकंदाला १० लाख न्यूट्रॉन निघाले तरी फ्यूजनची ऊर्जा भरते एका वॅटच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढी. त्यामुळे याला गुंतवणूक म्हणू नका. हा शिक्षणाचा खर्च आहे आणि तसाच तोलायला हवा.

तुम्ही पत्रात दिलेले आकडे मी मांडून पाहिले. पीककर्ज व्याजासह १ लाख ६० हजार. पुढच्या हंगामाचं बेणं, खत, मजुरी १ लाख २० हजार. दिवाळीपर्यंतचा घरखर्च ९० हजार, मुलीची फी ४० हजार. उरतात ४० हजार. पट्टी हातात आली की सगळा पैसा आपलाच वाटतो, पण त्यातला बराचसा बँकेचा आणि येणाऱ्या जूनचा असतो. पीककर्ज थकलं तर वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलतही जाते. सोनं तर अजिबात ठेवू नका. ज्या वस्तूतून रुपया परत येत नाही तिच्यासाठी महिन्याचं व्याज मागे लागलं, तर ते पुढच्या हळदीतूनच भरावं लागेल.

आता मुलाची यादी. भांडं आणि फ्लँज (नळ्या जोडायच्या चकत्या) ७० हजार, पंप ९० हजार, दाब मोजायचे गेज ३० हजार, उच्च दाबाची वीज ६० हजार, ड्युटेरियम आणि न्यूट्रॉन मोजणी ६० हजार. शेवटचे ६० हजार आजच खोडा. ड्युटेरियम अणुऊर्जा कायद्याच्या नियंत्रणात येतं, आणि असं किरणोत्सारी यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. घरामागची शेड ही त्याची जागा नाही. मुलाने टेलर विल्सनचं उदाहरण दिलंय, की त्याने २००८ मध्ये १४ व्या वर्षी हे करून दाखवलं. खरं आहे. पण ते त्याने नेवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, जाणकारांच्या देखरेखीखाली केलं होतं.

विजेचे ६० हजारही घरात घालू नका. यात मला पैशापेक्षा पोराची काळजी जास्त आहे. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा माणूस मारतो. कपॅसिटर बटण बंद केल्यावरही भरलेला राहतो, आणि व्होल्टेज वाढत गेलं की भांड्यात डोकावायला बसवलेल्या काचेतून क्ष-किरण बाहेर येऊ लागतात.

मग उरतं व्हॅक्यूम, म्हणजे भांड्यातली हवा काढून ते निर्वात ठेवणं, आणि माझ्या मते खरी कमाई तिथेच आहे. तुमच्या शेजारी औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, उभं राहतंय. २०२३ मध्ये केंद्राने त्याला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या नळ्यांमध्ये तिथे अत्यंत उच्च दर्जाची निर्वात पोकळी राखायची आहे. तिथे नोकरी मिळेलच असं धरून चालू नका. पण गळती शोधणं, फ्लँज बसवणं, स्टीलचं स्वच्छ आर्गॉन वेल्डिंग ज्याला येतं, त्याला औषध आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांतही किंमत आहे.

म्हणून ४० हजार द्या, त्यावर एक रुपयाही नाही. मुलाने हा विषय शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून सरांपुढे मांडावा. चार मुलांचा गट झाला तर खर्च वाटला जाईल. भांड्यातल्या विरळ केलेल्या साध्या हवेत जाळीभोवती जांभळट प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) उजळवण्याचा प्रयोग कमी व्होल्टेजवर होतो. त्यात फ्यूजन होत नाही, पण तोही कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सर समोर असतानाच करावा. घरी फक्त भांडं आणि पंप.

पैशाचे दोन भाग करा. २५ हजारांत जुना रोटरी पंप आणि भांडं बघा. पंपाचं तेल वेळेवर बदललं तर त्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळतं. घरी बनवलेल्या भांड्याला मिळत नाही, म्हणून भांडं लहानच ठेवा. भांडं गळतीशिवाय रात्रभर टिकलं, की मगच उरलेले १५ हजार द्या.

पंप घ्यायला मुलासोबत तुम्हीही जा. दुकानदाराला तो चालू करायला सांगा, तोंड बंद करून गेज लावा आणि काटा कुठवर उतरतो ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.