एकच पायवाट, वर्षभर

प्रश्न : ताई, आम्ही डोंगरातल्या एका लहान गावात राहतो. आम्हा पाच-सहा जणांना महिन्यातून एकदा मुलांना आणि मोठ्यांनाही निसर्ग बघायला डोंगरात न्यायचंय. एकदा नेलं पण मुलं अर्ध्या तासात कंटाळली, आणि म्हातारी माणसं म्हणाली यात काय बघायचं, आमचा जन्म इथेच गेला. आमच्यात बॉटनी शिकलेलं कोणी नाही. बाहेरून एक्स्पर्ट बोलवावा का?

उत्तर : बोलवा, पण चौथ्या-पाचव्या फेरीला. पहिल्याच दिवशी जाणकार माणूस आला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात, जमिनीकडे कोणी बघत नाही. मी सुरुवातीला हेच केलंय. झाडांची नावं पाठ करून गेले, दर दहा पावलांवर थांबून एक नाव सांगितलं, मुलांनी ते वहीत लिहिलं, आणि वर पोचल्यावर विचारलं की वाटेत काय काय दिसलं तर सगळ्यांनी वही उघडून नावं वाचून दाखवली. फार वाईट वाटलं मला तेव्हा. नाव कळलं की मूल पुढे बघायचं थांबतं, म्हणून नाव शेवटी सांगायचं, आधी विचारायचं की हे पान खालून वेगळं का लागतंय, हे कोणी कुरतडलंय.

दुसरं, दर वेळी नवीन जागा नको. एकच वाट ठरवा, किलोमीटरभराची पुरे, तिच्यावर एक ओढा, एक मोठा दगड, एक जुनं झाड आणि थोडा चढ असला की झालं. तीच वाट वर्षभर चाला. पहिल्या दोन फेऱ्यांना मुलं कुरकुरतील, मग एखादी पोरगी म्हणेल की मागच्या वेळी इथे पाणी होतं, ते कुठे गेलं? तिथून खरी सुरुवात होते.

आणि डोंगरात राहण्याचा फायदा घ्या ना! सपाटीवर हवामान बदललेलं बघायला शेकडो किलोमीटर जावं लागतं, डोंगरात ते तासाभराच्या चढात दिसतं. १००० मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे ३०० मीटरच्या चढाला साधारण दोन अंश. त्यामुळे एकाच जातीचं झाड बऱ्याचदा पायथ्याला आधी फुलतं आणि वर काही दिवसांनी. हम्बोल्ट नावाचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो डोंगरावर चढला आणि कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती मिळते याचा एक मोठा तक्ता त्याने १८०७ मध्ये छापला, तो डोंगराच्या चित्रावरच नावं लिहून केलेला आहे. तुमच्या मुलांना तसाच एक तक्ता भिंतीएवढ्या कागदावर करायला द्या, दर महिन्याला त्यात भर पडत राहील.

दोन साधे थर्मामीटर घ्या, एक खाली आणि एक वर, दोन्ही सावलीत. आता गंमत अशी की आदल्या रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असेल तर पहाटे दरीतच जास्त थंडी सापडू शकते, कारण थंड हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून घरंगळत खाली साठते. मुलं म्हणतील ताई हे तर उलटं झालं. लगेच उत्तर देऊ नका, आठवडाभर त्यांना विचार करू दे. तसंच उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे तोंड असलेले दोन उतार एकाच दिवशी हात लावून बघा, आपल्या उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त पडतं म्हणून माती लवकर सुकते, आणि शेवाळ, नेचे बहुतेक पलीकडच्या बाजूला सापडतात.

म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं मला खरंच पटतं, त्यांना बघायला नेऊच नका, सांगायला न्या. झरा पूर्वी कुठून वाहायचा, दरड कोणत्या साली कोसळली, ते मोठं झाड आधी कधी फुलायचं आणि आता कधी फुलतं. मुलांनी हे तारखेसकट लिहायचं, साल आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या वर्षी ते लिहायचं, साल मागून लागतं. याला किरकोळ समजू नका हं. जपानात क्योटोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी पार नवव्या शतकापासून मिळतात, त्या राजेलोकांच्या, दरबाऱ्यांच्या, भिक्षूंच्या रोजनिशीतून गोळा केल्यात, आणि हवामान कसं बदललं हे शोधायला शास्त्रज्ञ आज त्याच वापरतात. लिहिणाऱ्यांना तेव्हा याची कल्पनाही नसणार.

प्रश्न : माझी मुलगी ८ वर्षांची आहे, तिला अशा ग्रुपबरोबर डोंगरात पाठवायची भीती वाटते. काय विचारून घ्यावं?

उत्तर : भीती वाटणं बरोबरच आहे. नेणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. सगळ्यात शेवटी कोण चालणार? त्या माणसाचं नाव ठरलेलं नसेल तर पाठवू नका. परत फिरायची वेळ किती? माथा गाठला नाही तरी त्या वेळेला फिरायचंच. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशोब दिलाय, ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, पण तो धडधाकट मोठ्या माणसाचा, मुलं असली आणि थांबत बघत जायचं असलं की मी तो वेळ सरळ दुप्पट धरते. तिसरं, गडगडलं तर काय करणार? वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी लागले तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, धार आणि माथा सोडून लगेच खाली, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जायचं नाही. ओढ्याचंही विचारा, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस पडून पाणी अचानक वाढतं.

प्रश्न : मुलं मोबाईल घेऊन येतात आणि ॲपवर लगेच नाव शोधतात. बंदी घालावी का?

उत्तर : बंदी नको. आयनॅचरलिस्ट नावाची निसर्गाच्या नोंदी ठेवायची वेबसाईट २००८ पासून चालू आहे, तिचं ॲपही आहे, त्यावर टाकलेला फोटो इतर लोक तपासतात आणि तुमच्या वाटेवरची नोंद जगाच्या कामी येते. फक्त फोन परतीच्या वाटेवर, बसल्यावर उघडायचा, आधी चित्र काढायचं. दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा कुठेही लिहू नका, लोक उपटून नेतात. दगड उचलला तर होता तसाच हळू परत ठेवा, खाली कोणाचं तरी घर असतं. आणि दगडावरचं दगडफूल खरवडू देऊ नका, ती बुरशी आणि शैवाल मिळून झालेली गोष्ट आहे, काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, म्हणजे तळहाताएवढा डाग मुलाच्या आजीपेक्षा जुना असू शकतो. झाडाचा फोटो काढताना नुसतं फूल नको, पानाची खालची बाजू, देठ आणि खोडाची सालही घ्या, नाहीतर ओळखणाऱ्याला काहीच करता येत नाही.