क्यूबची ताकद वाढली नाही म्हणून प्रोजेक्ट फसला?

प्रश्न: मुलगी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्टील फायबर (स्टीलच्या तारेचे बारीक तुकडे) घातलेल्या काँक्रीटवर तिने प्रोजेक्ट केला. २८ दिवसांच्या क्यूब टेस्टमध्ये (काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडतात ती) ताकद जेमतेम वाढली, म्हणजे प्रोजेक्ट फसलाच. तरी तिला यातच एम.टेक. आणि पीएच.डी. करायची आहे. माझा कंत्राटाचा व्यवसाय आहे. तिने एमपीएससी द्यावी, नाहीतर माझ्याबरोबर काम करावं, असं मी सांगून टाकलंय. तिची समजूत कशी घालू?
– एक पालक, सांगली

उत्तर: समजूत घालायचा मार्ग मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात तुमचा धंदा आहे, तुमचा निर्णय आहे. तिला हा विषय का धरून ठेवावासा वाटतो, याबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही तिला विचारलंय का? वडिलांच्याच कामातला विषय घेऊन मुलगी त्यात खोल जाऊ म्हणते, आणि घरातून ‘फसलं’ ऐकते. आयुष्य साइटवर काढलेल्या बापाच्या तोंडचा हा शब्द परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा जड असतो. तो मागे घ्या.

शिवाय तो खराही नाही. घनमीटरला २०-४० किलो स्टील फायबर घालून क्यूबची ताकद फारशी वाढत नाही, ती वाढावी म्हणून ते घालतही नाहीत. त्यांचं काम तडा गेल्यावर सुरू होतं. साधा बीम वाकवला की तडा जातो आणि क्षणात दोन तुकडे होतात. फायबर असले की ते तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात, एकेक करून उपसले जातात आणि त्या उपसण्यात ऊर्जा खर्च होते. मातीच्या गिलाव्यात आपण भुसा मळतो तो याचसाठी. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी १९९०च्या दशकात विकसित केलेलं सिमेंटचं मिश्रण आकारमानाच्या २ टक्के फायबरवर ३ ते ५ टक्के ताणलं जातं. साधं काँक्रीट ०.०१ टक्क्याच्या आसपासच तडकतं. दाबाखालची ताकद मात्र नेहमीच्या काँक्रीटसारखीच. म्हणून तिच्या कामाची परीक्षा क्यूबवर होत नाही, खाच पाडलेला बीम वाकवून तड्यानंतर तो किती भार पेलतो यावर होते. तिने बीम तपासले होते का? तुटलेल्या जागी फायबर उपसले गेले होते की तुटले होते? हे तिने स्वतःहून पाहिलं असेल, तर तिच्यात संशोधकाची नजर आहे.

गेट ही प्रवेश परीक्षा, एम.टेक., मग पीएच.डी. हा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. पैशांचं स्पष्ट सांगतो: गेटवर एम.टेक. करताना महिना १२,४०० रुपये, पुढे पीएच.डी.ला जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला ३७,००० आणि घरभाडे भत्ता. कंत्राटदाराच्या घरात ही रक्कम लहान वाटेल, पण तिचं पोट त्यावर चालतं. एमपीएससी वाईट नाही. मन दुसरीकडे ठेवून तिची वर्षं त्यात घालवणं वाईट.

तिलाही एक सांगायचंय. नुसता फायबरचा डोस बदलून क्यूब फोडणारे प्रबंध ढिगाने आहेत, त्यात भर घालू नकोस. प्रवेशाआधी त्या प्रयोगशाळेत जा. तडा गेल्यानंतरचा भार नीट मोजता येईल असं मशीन तिथे आहे का, ते बघ. नसेल, तर कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, या विषयासाठी तिथे प्रवेश घेऊ नकोस.